शहाणी होणे आणि शहाणे करणे

मुलीला पहिल्यांदा पाळी आली की ती 'शहाणी झाली' असे म्हणण्याची पद्धत मराठीत होती. जुन्या बायकांच्या बोलण्यात ती अजूनही ऐकू येते. 'न्हाण आले', 'पदर आला', 'न्हातीधुती झाली' हेही त्याच अर्थाचे शब्दप्रयोग. पण या सर्वांत 'शहाणी होणे' हा प्रयोग विशेष विचार करायला लावतो. येथे शहाणपण येते ते शरीराला. ज्या मुलीविषयी हे बोलले जाते, तिला आपल्या शरीरात काय घडत आहे हे बहुधा कोणीच सांगितलेले नसते. न शिकवता प्राप्त झालेले आणि जिचे तिलाच न कळलेले असे हे शहाणपण आहे.

शाळेत लैंगिक शिक्षण असावे की नसावे, हा वाद निघाला की दोन विधाने हमखास ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, 'हा विषय आपल्या संस्कृतीत उघडपणे बोलण्याचा नाही. हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे.' दुसरा पक्ष म्हणतो, 'आपला समाज या विषयावर शतकानुशतके मौन पाळत आला आहे. ते मौन मोडले पाहिजे.' वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही विधानांचे गृहीतक मात्र एकच आहे. आपण गप्प होतो, असे दोघेही मानतात. महाराष्ट्राच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले तर हे गृहीतकच टिकत नाही. मुलामुलींच्या वयात येण्याविषयी आपण मोठ्याने आणि चारचौघांत बोलत आलो. त्यासाठी आपण विधी केले, कायदे केले, अग्रलेख लिहिले, खटले चालवले. फक्त ज्याचे शरीर बदलत होते त्याच्याशी, किंवा तिच्याशी, आपण बोललो नाही.

मखर आणि विटाळ

बालविवाहाच्या काळात लग्न झालेल्या मुलीला न्हाण आले की ही बातमी लपवली जात नसे, उलट ती जाहीर होई. मुलीला सजवलेल्या मखरात बसवीत, नातेवाईक व शेजारच्या सुवासिनी येऊन ओटी भरीत, गोडाधोडाचे जेवण होई, गाणी म्हटली जात. पुढे ऋतुशांती, गर्भाधान, म्हणजेच फलशोभनाचा विधी होई. त्याचा अर्थ मुलगी आता नवऱ्याच्या शय्येसाठी सिद्ध झाली असा होता आणि तो सगळ्या आळीला कळे. गंमत अशी, की जिला मखरात मिरवायचे तिलाच पाळीच्या दिवसांत 'विटाळशी' म्हणून बाजूला बसवायचे. एकाच घटनेचा सोहळाही होता आणि अस्पर्शही होता.

या दुहेरीपणाची साक्ष भाषा देते. मराठीत पाळीला 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली', 'दूर बसली', 'अडचण आली' असे कितीतरी शब्दप्रयोग आहेत. तेव्हा शब्दांची वाण आपल्याला नव्हती. पण हे सारे शब्द मुलीने कोठे बसावे आणि कशाला शिवू नये, एवढेच सांगतात. शरीरात काय घडते याविषयी त्यांतला एकही शब्द बोलत नाही. 'पाळी' हा त्या मानाने निर्मळ शब्द. क्रमाने, फिरून येणारी ती पाळी. शास्त्राच्या सर्वांत जवळ जाणारा हा शब्द बोलीतच सापडावा, ही मराठीच्या अध्यापकाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

कायदेमंडळातील शरीर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच विषय मखरातून निघून वर्तमानपत्रांत आणि कायदेमंडळात गेला. १८६०च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे वय दहा वर्षे ठरवले होते. बंगालमध्ये फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा पतीने केलेल्या संभोगामुळे मृत्यू झाला आणि देशभर खळबळ उडाली. बेहरामजी मलबारी यांची चळवळ आधीपासून चालू होतीच. अखेर १८९१ साली संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा झाला. 'केसरी'तून टिळकांनी त्याला विरोध केला, 'सुधारक'मधून आगरकरांनी पाठिंबा दिला. विरोधकांचा एक मुख्य मुद्दा गर्भाधानविधीचा होता. एखाद्या मुलीला बाराव्या वर्षाआधी ऋतू प्राप्त झाला आणि कायद्याने विधी लांबला, तर धर्माचे काय, असा तो प्रश्न होता.

हा वाद आज वाचताना आश्चर्य वाटते ते त्याच्या मोकळेपणाचे. ऋतुप्राप्तीचे वय, गर्भधारणेची क्षमता, लहान वयातील संभोगाचे परिणाम, हे सारे पुण्या-मुंबईच्या सभांत आणि छापील मजकुरात चर्चिले गेले. संस्कृतीला हा विषय झेपत नाही, असे त्या वेळी कोणत्याच पक्षाला वाटले नाही. पण त्या सभांत श्रोते बहुतांशी पुरुष होते, वक्तेही बहुतांशी पुरुषच होते. दहा-बारा वर्षांच्या मुलीला त्या चर्चेत स्थान होते ते एक उदाहरण म्हणून.

याच सुमारास, १८९० पासून, हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली होती. बालविवाहित यमू तिथे स्वतःची कहाणी स्वतः सांगते. ती सांगणारी लेखणी पुरुषाची असली, तरी प्रथमपुरुषी निवेदनाची ही निवड केवळ तंत्राची मानता येत नाही. जिच्याविषयी सगळे बोलत होते, तिला बोलू देण्याची ती निवड होती. कादंबरीचे नावच एक प्रश्न आहे, हेही सूचक आहे.

मुलींच्या बाजूने शास्त्र सांगणारे कोणी नव्हतेच असे मात्र नाही. मुंबईचे डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७०च्या दशकात 'विवाहविज्ञान' हे पुस्तक मराठीत लिहिले होते. त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई हिचे लग्न अकराव्या वर्षी झाले, परंतु ती सासरी गेली नाही आणि त्यात डॉक्टरांचा तिला आधार होता. नवऱ्याने १८८४ साली लावलेला आणि चार वर्षे गाजलेला खटला सर्वांना माहीत आहे. रखमाबाई पुढे स्वतः डॉक्टर झाल्या. शरीराचे ज्ञान असलेला एक वडीलधारा माणूस घरात असणे, ही गोष्ट एका मुलीच्या आयुष्यात किती फरक करू शकते, याचे याहून ठळक उदाहरण त्या काळात मिळणे कठीण.

मुलग्यांचे भय

मुलींच्या वाट्याला विटाळ आला, तर मुलग्यांच्या वाट्याला भय आले. ब्रह्मचर्याचा महिमा गाणाऱ्या पुस्तकांनी आणि गुप्तरोगांवरील औषधांच्या जाहिरातींनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पौगंडावस्थेतील मुलाला एकच गोष्ट पढवली: वीर्याचा नाश म्हणजे आयुष्याचा नाश. झोपेत होणाऱ्या स्वाभाविक वीर्यस्खलनाला आपण 'स्वप्नदोष' हे नाव दिले. शब्दातच दोष आल्यावर तो निर्दोष आहे हे मुलाला पटवणार कोण? आजही भिंतींवर रंगवलेल्या आणि बसस्थानकांवर चिकटवलेल्या वैदूंच्या जाहिराती त्या एका शब्दाच्या जोरावर चालतात.

या भयाला मराठीत सर्वांत स्पष्ट उत्तर दिले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. या कार्यापायी १९२५ साली त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत ते चालवले. घर चालवण्याचा भार पत्नी मालतीबाईंनी उचलला म्हणून ते चालले, हे विसरता कामा नये.

'समाजस्वास्थ्य'मधील लेखांइतकेच महत्त्व त्यातील प्रश्नोत्तरांना आहे. हस्तमैथुनाने खरोखर अशक्तपणा येतो का, अमुक प्रवृत्ती विकृत आहे का, असे प्रश्न वाचक पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना छापील उत्तर देत. उत्तर थोडक्यात असे, कोरडे असे आणि पुष्कळदा तिरकसही असे. पण प्रश्न विचारणारा पापी किंवा आजारी आहे, असे त्यात गृहीत धरलेले नसे. साहित्याच्या इतिहासात आपण निबंध, कथा, कादंबरी यांचा विकास शिकवतो. निनावी प्रश्नाला दिलेले प्रामाणिक उत्तर हाही एक गद्यप्रकार आहे, आणि मराठीत तो कर्व्यांनी रुजवला, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

प्रश्नाचा बचाव

या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४च्या खटल्यात तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरेच आरोपाचा विषय होती. त्या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात प्रश्न असतील तर त्यांना ज्ञानाच्या आधारे उत्तर मिळाले पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. अमोल पालेकर यांच्या 'ध्यासपर्व' (२००१) या चित्रपटाने आणि आपल्याच शहरातील नाटककार अजित दळवी यांच्या, अतुल पेठे यांनी २०१७ साली दिग्दर्शित केलेल्या 'समाजस्वास्थ्य' या नाटकाने हा इतिहास नव्या पिढीपुढे आणला.

गोलमेज परिषदांहून परतलेल्या, राष्ट्रीय पातळीवरील संघर्षात गुंतलेल्या बाबासाहेबांनी हे वकीलपत्र का घेतले असावे? मैत्री किंवा सुधारणावाद हे त्याचे अपुरे उत्तर आहे. ज्ञान कोणाला द्यायचे आणि कोणापासून राखायचे हे ठरवण्याच्या अधिकारावरच जातिव्यवस्था उभी असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? 'हे तुला कळण्याचे कारण नाही' हे वाक्य त्यांच्या समाजाने पिढ्यान्पिढ्या ऐकलेले होते. १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या ठरावासाठी त्यांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी मांडले. यावरून हा विषय त्यांच्या लेखी किरकोळ नव्हता, हे दिसते.

कर्व्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांचे मासिक मुलांसाठी नव्हते. त्याचा वाचक प्रामुख्याने शहरी, शिकलेला, साक्षर पुरुष होता. सुप्रजननशास्त्राच्या तत्कालीन विचारांची छाया त्यांच्या लेखनावर पडलेली आहे. आणि आपल्या मराठवाड्यापुरते बोलायचे, तर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १८९१चा संमतिवयाचा कायदा काय किंवा १९२९चा शारदा कायदा काय, हे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे होते. त्या वादांची केंद्रे पुण्या-मुंबईत होती. येथे उच्च शिक्षणाची भाषाही उर्दू होती. सुधारणेच्या ज्या चर्चेला मराठीचा वारसा म्हणतात, तो आमच्या वाट्याला उशिरा आणि तुटक आला.

बंदी आणि नंतर

इतिहासाची पुनरावृत्ती व्हायला फार काळ लागला नाही. केंद्र सरकार आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी आखलेला किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम शाळांत येऊ लागला, तेव्हा २००७ साली महाराष्ट्र विधिमंडळात त्यातील चित्रांवरून व मजकुरावरून गदारोळ झाला आणि राज्यात तो थांबवण्यात आला. मध्यप्रदेश, कर्नाटक या राज्यांनीही तेच केले. २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीने शाळेत लैंगिक शिक्षण नको, अशी शिफारस केली. पुन्हा एकदा मुलांच्या शरीराविषयी सभागृहात भरपूर बोलले गेले आणि वर्गात काही बोलायचे नाही, असे ठरले. ज्या राज्यात 'समाजस्वास्थ्य' सव्वीस वर्षे निघाले, त्या राज्यात 'ही आपली संस्कृती नव्हे' असे म्हणताना कोणाला कर्व्यांची आठवण झाली असेल काय?

शिकवल्याने मुले बिघडतात, ही भीती मात्र तपासून पाहता येते. युनेस्कोने २०१८ साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत देशोदेशींच्या अभ्यासांचा आढावा आहे. अशा शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात, असे त्यात दिसून आलेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही बालकांच्या लैंगिक शोषणाविषयीच्या एका निकालात लैंगिक शिक्षणाची गरज मांडली आणि ही पाश्चात्त्य कल्पना असल्याचा समज चुकीचा ठरवला.

न शिकवण्याची किंमतही मोजलेली आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. यांतील बहुसंख्य स्त्रियांना कधी उपचारच मिळाले नव्हते, कारण अंगावर काढणे हेच बाईपण, असे मानले गेले होते. पुढे राणीताईंनी मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' हा उपक्रम सुरू केला. पुण्याच्या 'तथापि' या संस्थेने 'शरीर साक्षरता' हा शब्द चालवला. हा शब्द मोलाचा आहे. साक्षरतेत कोणी चवचालपणा पाहत नाही. अक्षर ओळखावे तसे आपले शरीर ओळखावे, इतके साधे ते आहे.

भाषेच्या शिक्षकाचे काम

मराठवाड्यात हा प्रश्न केवळ आरोग्याचा राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. बीड आणि परभणी या जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक होते. याचा अर्थ मखर गेले, पण मखराचा तर्क राहिला. मुलगी 'शहाणी' झाली की तिचे शिक्षण नव्हे, तर तिचे लग्न आठवते. कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर काही नावांपुढे केवळ अनुपस्थितीच्या खुणा उरतात, हे आपणा सर्वांना माहीत आहे.

दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात प्रजननसंस्था आणि मासिक पाळी यांची माहिती आहे. पण बहुतेक मुलींना पाळी त्याच्या दोन-तीन वर्षे आधीच आलेली असते. शिवाय पाठ्यपुस्तकाची भाषा 'ऋतुचक्र', 'अंडमोचन', 'संप्रेरक' अशी संस्कृतप्रचुर, आणि मित्रमंडळींची भाषा शिवीची. या दोहोंच्या मध्ये मुलाच्या तोंडी बसेल अशी तिसरी भाषा आपण तयार केली नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'मधील (२००४) मुले अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून एकमेकांकडूनच जग समजून घेतात. 'बालक-पालक' (२०१३) या चित्रपटातील चाळीतील मुलांना कुतूहलाचे उत्तर चोरून आणलेल्या चित्रफितीत शोधावे लागते. आता ती इमारत आणि ती चित्रफीत दोन्ही मुलाच्या हातातील मोबाइलमध्ये मावतात. मुलाला उत्तर मिळतेच. ते कोणाकडून मिळावे, एवढेच आपल्या हाती आहे.

आणि ही तिसरी भाषा अवघड नाही. मेंदूतून निघालेल्या सूचनेने शरीर मोठे होऊ लागते; कोणाचे दहाव्या वर्षी, कोणाचे चौदाव्या, आणि दोन्ही ठीकच. दर महिन्याला गर्भाशयात मऊ अस्तर तयार होते, गर्भ राहिला नाही की ते रक्तावाटे बाहेर पडते, हीच पाळी. ते रक्त अशुद्ध नसते. सुरुवातीची एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होऊ शकते. फार दुखले किंवा फार रक्त गेले तर डॉक्टरांकडे जावे. झोपेत वीर्य बाहेर येणे हा दोष नव्हे, रोग नव्हे. त्याने शक्ती जात नाही. तुमच्या शरीराला तुम्हाला नको असताना कोणी हात लावला, तर चूक तुमची नसते, आणि ते विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे असते. इतकी वाक्ये मराठीत लिहायला ना इंग्रजीचा आधार लागतो ना शिवीचा.

हे काम विज्ञानाच्या शिक्षकाचे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. 'विटाळ' आणि 'स्वप्नदोष' हे शब्द प्रयोगशाळेत जन्मलेले नाहीत. ते भाषेत जन्मले, आणि भाषेतच त्यांचे निराकरण व्हावे लागेल. यमूची कहाणी शिकवताना तिच्या वयाचा उल्लेख करून पुढे जायचे, की त्या वयाचा अर्थ वर्गाला सांगायचा, ही निवड रोज आपल्यापुढे असते.

१९५० साली बाबासाहेबांनी या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनाचे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि नागसेन एकाही प्रश्नाला 'हे विचारू नये' असे म्हणत वाद मिटवत नाही. तो समजेल असा दृष्टान्त देऊन उत्तर देतो. १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात निनावी वाचकांच्या प्रश्नांचा बचाव करणाऱ्या माणसाने या नावांत शिक्षणाची आपली कल्पनाच सांगून ठेवली आहे. छत्रपती संभाजीनगरात नागसेनवनाच्या रस्त्याने रोज शेकडो मुलेमुली शिकायला जातात. त्यांच्याजवळ प्रश्न आहेत, ते वहीच्या शेवटच्या पानावर आणि मोबाइलच्या पडद्यावर लिहिलेही जातात. मिलिंद रोज येतो आहे. नागसेनाच्या जागी आपण उभे आहोत.